पांढऱ्या कापडापर्यंत

शनिवारी सकाळी डोलिनाने सोलायला घेतलेले बटाटे दोन दिवसांचे होते. रविवार देवाचा, त्या दिवशी सुरीला हात लावायचा नाही, विहिरीवर जायचं नाही, चुलीत जाळायचं पीट, म्हणजे दलदलीची वाळवलेली माती, आणायला अंगणातल्या ढिगापर्यंतसुद्धा जायचं नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशी. त्यात हे मार्चमधले प्रभुभोजनाचे दिवस. गुरुवारपासून सोमवारपर्यंत गार्वलच्या घराघरांत परगावचे पाहुणे, आणि तिच्या आईच्या, एफीच्या घरी तर कायम दोन जास्तच. लग्न होऊन या घरात आल्यापासून एफी वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, ही माणसं सांभाळत आली होती. पंचावन्न वर्षांत तिने किती बरण्या मुरांबा आणि किती मेंढ्यांचा रस्सा या लोकांना वाढला असेल, त्याला गणती नव्हती. त्यांच्याबरोबर ती चर्चमध्ये जायची, मागच्या बाकावर बसायची आणि पुढे प्रभूची भाकर आणि प्याला घेणाऱ्यांसाठी अंथरलेल्या पांढऱ्या कापडाकडे बघून घरी यायची. त्या कापडापाशी ती एकदाही बसली नव्हती.

घरातलं कुणीच बसलं नव्हतं, एक डोलिनाचा भाऊ ईवर सोडला तर. आजोबा मरणाच्या दारात असताना पाळकसाहेबांनी हात धरून विनवलं, तरी म्हातारा म्हणाला होता, "मी त्या लायकीचा नाही." गावात ही गोष्ट अजून सांगतात. आपण देवाच्या मेजाला लायक नाही हे या घराण्याला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असल्याबद्दल ही माणसं मान जरा ताठ ठेवूनच चालत.

"आई," डोलिना म्हणाली, "आज उपासना संपल्यावर मी पंचांसमोर जाणार आहे."

एफीने हातातला बटाटा बादलीत टाकला आणि दुसरा उचलला.

"कशाला?"

"बिल्ला मागायला."

बिल्ला म्हणजे शिशाची एक छोटी चकती, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. शनिवारी चर्चच्या पंचांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, त्यांची खात्री पटली तर ती मिळते, आणि रविवारी ती हातात असल्याशिवाय कुणी मेजाशी बसत नाही.

चुलीशी पाय शेकत बसलेल्या इशबेलआत्याने टाळी वाजवली. ही बाबांची बहीण. सत्तरी ओलांडलेली, नेस गावाहून दर वेळी या दिवसांसाठी येणारी, आणि आल्यापासून जाईपर्यंत बोलणारी. "अगं बाई! बावन्न वर्षं लागली तुला, पोरी! मला वाटलं, माझ्या अंत्ययात्रेनंतर मुहूर्त काढतेस की काय!"

"तुम्ही मध्ये बोलू नका, वन्सं."

"का नको? माझी भाची आहे. आणि वहिनी, आनंदाची गोष्ट आहे. चेहरा कशाला पाडताय?"

एफी डोलिनाकडे बघत होती. त्या नजरेला डोलिना लहानपणापासून भीत आली होती.

"तुझे बाबा कधी गेले नाहीत," एफी म्हणाली. "त्यांच्यासारखा माणूस या किनाऱ्यावर झाला नाही. तेच गेले नाहीत. तू कोण लागून गेलीस?"

हे उत्तर येणार हे डोलिनाला ठाऊक होतं. गेले दोन महिने गोठ्यात गाईचं दूध काढताना तिने त्यावर शंभर वेळा विचार केला होता. जानेवारीत त्याच गोठ्यात, कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं असताना, तिला एक गोष्ट एकदम स्पष्ट कळली होती. आवाज आला नाही, उजेड पडला नाही, तसलं काही नाही. एवढंच कळलं की आपल्याला कधीचं बोलावलेलं आहे. बोलावणारा वाट बघतोय, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं राहून, माझे पाय चिखलाचे आहेत, असं सांगत बसलोय. त्या दिवशी ती गोठ्यात बसून रडली आणि दूध सांडलं.

"मी कोणी नाही, आई," ती म्हणाली. "कोणी नसलेल्यांनाच बोलावलंय ना? लायक झाल्यावर जायचं असेल तर मग तिथे कोण बसलं असतं? ईवर बसला असता?"

इशबेलआत्या खिंकाळल्यासारखी हसली, आणि नेमका त्याच वेळी दार उघडून ईवर आत आला.

ईवर डोलिनापेक्षा दोन वर्षांनी लहान. गावच्या मंडळीचा पंच. तिसाव्या वर्षी पंच होणारा गार्वलमधला पहिलाच माणूस, आणि त्या दिवसापासून त्याच्या तोंडावरचं हसू जे गेलं ते परत आलं नाही, असं त्याची बायको म्हणायची. काळ्या कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्याने टोपी काढली आणि तिघींकडे पाहिलं.

"काय झालं?"

"तुझी ताई पंचांसमोर यायचं म्हणतेय," एफी म्हणाली. "तू तिला समजाव."

ईवर आनंदेल असं डोलिनाला कुठेतरी वाटलं होतं. तो आईच्या बाकाशेजारी जाऊन उभा राहिला. या घरात कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं यावरून पुढचं सगळं ठरायचं. जमिनीच्या वाटणीच्या वेळी तो इथेच, असाच उभा राहिला होता.

"ताई, घाईने करायची गोष्ट नाही ही."

"बावन्न वर्षं म्हणजे घाई?" आत्या म्हणाली.

"आत्या, मी तिच्याशी बोलतोय. ताई, तिथे मी बसलेला असणार. माझी बहीण म्हणून तुला एक प्रश्न कमी विचारला असं कुणी म्हणता कामा नये. उलट मी जास्तच विचारीन."

"विचार ना. मी कुठे सूट मागतेय?"

"आणि आईच्या मनाविरुद्ध?"

"ईवर, तू गेलास तेव्हा आईला विचारलं होतंस?"

एफी एकदम उठली. गुडघे दुखत असले तरी राग आला की ती झटकन उठायची.

"मी जिवंत असेपर्यंत तू तिथे जायचं नाहीस," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत नाही. मी गेल्यावर काय ते करा." आणि ती आतल्या खोलीत गेली. कुणालाही अपेक्षा नव्हती अशा हलक्या हाताने तिने दार लावलं.

"हे काय भलतंच!" इशबेलआत्या हळूच म्हणाली. "एवढं काय त्यात? माझा भाऊ असता तर पोरीला खांद्यावर घेऊन नाचला असता."

ईवरचा चेहरा आक्रसला. "बाबा बाहेरच राहिले, आत्या. बाहेर राहूनच गेले. त्यांच्याबद्दल असं बोलू नका."

तो नऊ वर्षांचा होता तेव्हा बाबांची नाव परत आली नाही. तेव्हापासून बाबांचा विषय निघाला की त्याला हे वाक्य म्हटल्याशिवाय राहवायचं नाही, आणि म्हटलं की त्याचा दिवस वाईट जायचा.

दुपारी डोलिना गेली. आई उपासनेला आली नव्हती, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. चर्चच्या मागच्या थंड खोलीत सहा पुरुष आणि पाळकसाहेब बसले होते. ईवर अगदी कडेला, नजर बुटांवर. त्याने जास्त प्रश्न विचारले नाहीत, कमीही विचारले नाहीत. एकच विचारला.

"तू स्वतःत असं काय पाहिलंस की तुला यावंसं वाटलं?"

"काहीच नाही पाहिलं," ती म्हणाली. "स्वतःकडे बघायचं सोडलं, तेव्हाच यावंसं वाटलं."

म्हातारा कॅलम पंच बराच वेळ मान हलवत राहिला. पाळकसाहेबांनी बिल्ला तिच्या तळव्यावर ठेवला. तो बर्फासारखा गार लागला, आणि घरी येईपर्यंत तिने मूठ सोडली नाही.

घरी आत्या आणि पाहुण्या शेजारी चहाला गेल्या होत्या. आई स्वयंपाकघरात एकटीच. दोन्ही बादल्या विहिरीवरून भरून आणलेल्या, दारात पाण्याचे ओघळ.

"आई, तू कशाला वाहिल्यास? मी आले असते ना!"

"मिळाला?"

"मिळाला."

"दाखव."

डोलिनाला वाटलं, आता ही तो उचलून चुलीत टाकणार. तरी तिने मूठ उघडली. एफीने बिल्ल्याला हात लावला नाही, नुसता वाकून बघितला. मग ओटपिठाच्या पेटीशी गेली, कोपरापर्यंत हात पिठात खुपसला आणि तळातून तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी काढली. पीठ झटकलं. झाकण निघेना, डोलिनाने काढून दिलं.

आत तसाच बिल्ला होता. शिसं काळवंडलेलं, कडेला आधीच्या पाळकसाहेबांची आद्याक्षरं.

"हा कुणाचा?"

"तुझ्या बाबांचा."

डोलिना बाकावर बसली.

"ते गेले होते पंचांसमोर," एफी म्हणाली. "सव्वीस सालच्या मार्चमध्ये. मला सांगितलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी आले आणि हा इथे, या टेबलावर ठेवला. मी असेच बटाटे सोलत होते. लहान पोराने शिंपला आणून दाखवावा तसा चेहरा केला होता त्यांनी." ती थांबली. "मला हसू आलं, डोलिना."

"हसू?"

"मी म्हटलं, तुम्ही? बाजाराच्या दिवशी दोन पेले चढवून गाडीत आडवे होऊन येणारे तुम्ही, त्या कापडाशी बसणार? लोक तोंडावर हात धरून हसतील, मी म्हटलं. माझ्या सासऱ्यांना जमलं नाही ते तुम्हाला जमणार होय? मी थट्टा करत होते गं. रोज करायचे तशीच. त्यांनी हा उचलून फडताळावर ठेवला आणि म्हणाले, बरोबर आहे तुझं, सप्टेंबरला बघू. सप्टेंबरला जाईन. दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसले."

पुढचं डोलिनाला माहीत होतं. नाव जूनमध्ये गेली.

बाहेर कुणाच्या तरी मेंढ्या रस्त्याने चालल्या होत्या. डोलिनाला आईचा राग आला, भयंकर राग, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच न करता ती बसून राहिली.

"तू जाशील तर मग दार उघडं होतं असं ठरतं ना," एफी म्हणाली. "ते बंद होतं, आपल्यासारख्यांसाठी ते बंदच असतं, असं मानलं की मला झोप लागते. ते उघडं असेल तर ते मी लावलं. माझ्या हाताने लावलं."

"आई, मग चल ना. तूही ये."

"मी?" एफीने डबीचं झाकण लावलं. "मी कुठल्या तोंडाने येऊ? ईवरला यातलं काही सांगू नकोस. शपथ आहे."

ख्रिस्ती माणसाने शपथ घालायची नसते, हे तिलाच एरवी सगळ्यांना सांगावं लागायचं.

रविवारी आई चर्चला आली. तिने काळा कोट घातला, टोपीला पिन लावली, आणि आत्याचा हात धरून मागच्या बाकावर बसली. पाळकसाहेबांनी आधी नेहमीसारखं मेजाभोवती शब्दांचं कुंपण घातलं. कोणी येऊ नये ते सांगितलं, आणि ती यादी ऐकताना आपलं नाव त्यात आहे असं डोलिनाला चार वेळा वाटलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला आणि ते सांगू लागले की कोणी यावं. थकलेल्यांनी यावं. भुकेलेल्यांनी यावं. ज्यांच्याजवळ आणायला काहीच नाही त्यांनी तर यावंच.

स्तोत्र सुरू झालं. पुढून एक जण ओळ सांगायचा आणि साऱ्या मंडळीचा आवाज भरतीच्या पाण्यासारखा हळूहळू तिच्यावर चढायचा. त्या गाण्यातच लोक उठून पुढे जायचे. डोलिना उठली. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या बाकांच्या तोंडाशी ईवर हात पसरून उभा होता. तिने बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांवर राहिली, आणि मग त्याने बाजूला सरून तिला वाट दिली.

ती बसली. समोर पांढरं कापड, त्यावर पडलेल्या घड्यांच्या रेषा. इतकी वर्षं दुरून बघितलेलं हे कापड जवळून अगदी घरातल्या चादरीसारखं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

स्तोत्राचं शेवटचं कडवं चालू असताना मागे कुजबुज झाली. तिने मान वळवली. मधल्या वाटेने आई येत होती. एकटी, काठी न घेता, बाकांच्या कडांना धरत. आत्या मागे अर्धी उठून उभी राहिलेली. सारं चर्च गात होतं आणि सारं चर्च बघत होतं.

ती ईवरसमोर आली आणि मूठ उघडली.

डोलिना दोन हातांवर होती. तिला सगळं ऐकू आलं.

"आई," ईवर खालच्या आवाजात म्हणाला, "काल तू आली नव्हतीस."

"नव्हते."

"मग हा..." त्याने बिल्ला उलटा केला आणि कडेची अक्षरं पाहिली. "हा जुना आहे. कुणाचा हा?"

"तुझ्या बाबांचा. त्यांना दिला होता. माझ्यापायी वाया गेला. ईवर, मला बसू दे. मी आलेय बघ."

गाणं संपलं. इतकी शांतता झाली की चर्चच्या छपरावर चालणारा वारा ऐकू आला. डोलिना मनात म्हणत होती, दे रे वाट, दे, दे. बाकीचे पाच पंच बघत होते. पाळकसाहेब बघत होते. ईवरचं सारं आयुष्य त्याच नियमावर उभं होतं, आणि आई त्याच्या पुढ्यात हात पसरून उभी होती.

"आई, हा चालत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याचा चालत नाही. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला वळवलं आणि त्या लांब वाटेने सावकाश मागे नेलं. आत्याने सरकून जागा केली. एफी बसली. आणि ईवर परत आला नाही. तोही तिथेच, मागच्या बाकावर, आईशेजारी बसला. म्हाताऱ्या कॅलमने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ईवरच्या वाटची भाकरीची ताटली स्वतः उचलली.

डोलिनाने भाकर घेतली. प्याला हातातून हातात आला, तो घेतला. ज्या आनंदाची तिने जानेवारीपासून वाट पाहिली होती तो आला, खरोखर आला, पण तिच्या एका बाजूला भिंत होती आणि पाठीमागे, खूप मागे, तिची माणसं.

घरी गार मटण, कालचे बटाटे. पाहुण्या लवकर उठून गेल्या. एफी चुलीशी बसली होती, कोट अंगातच.

"कोट काढ ना, आई," डोलिना म्हणाली.

"राहू दे."

"त्यांना मिळाला होता," ईवर म्हणाला. तो खिडकीशी पाठ करून उभा होता. "बाबांना मिळाला होता. आणि तू मला एकेचाळीस वर्षं सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांना बाहेर उभं बघतोय, आई. रोज रात्री. प्रार्थनेला गुडघे टेकले की ते मला देवाच्या दाराबाहेर दिसतात. पंच झालो तोसुद्धा भीतीने झालो. तुला एक शब्द बोलता आला नाही?"

"नाही रे आला."

"ईवर, पुरे," आत्या म्हणाली. ती डोळे पुसत होती. या खोलीत आता कुणी कुणाच्या बाजूला नव्हतं.

ईवरने टोपी उचलली.

"कुठे निघालास?" डोलिनाने विचारलं.

"पाळकसाहेबांकडे. पंचांना आज संध्याकाळी बसवता येतंय का बघतो. उद्या सोमवार, सगळे पांगतील."

"रविवारी?" एफी म्हणाली. "रविवारी बैठक घेतात का कधी?"

"विचारतो," तो म्हणाला आणि गेला.

दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. डोलिना खिडकीशी बसली. भांडी तशीच पडली होती, उद्यापर्यंत पडायचीच होती. एफीने कोट काढला नाही. मध्ये एकदा तिने टोपीची पिन चाचपून पाहिली, सरळ केली. आत्याने पवित्र शास्त्र उघडलं आणि डुलकी लागेपर्यंत वाचलं. बाहेरचा उजेड करडा झाला तेव्हा फाटकाशी ईवर दिसला. तो ज्या चालीने येत होता त्यावरूनच डोलिनाला कळलं, पण आईचे डोळे तेवढे चांगले नव्हते.

तो आत आला आणि आईसमोर खाली, चुलीच्या दगडावर बसला. लहानपणी बसायचा तसा.

"काय म्हणाले?"

"ते रडले, आई. खरंच रडले. पण मेज उचललंय, म्हणाले. आता परत मांडता येत नाही. तू यायचं नक्की, त्यात काहीच अडचण नाही म्हणाले. फक्त..." त्याने तिचा हात धरला. "सप्टेंबरला. शनिवारी मी स्वतः तुला घेऊन जाईन. सप्टेंबर काही लांब नाही."

एफीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तेही सप्टेंबरच म्हणाले होते," ती म्हणाली.

मग तिने सावकाश गुंड्या सोडल्या, एक एक करून, आणि कोट डोलिनाकडे दिला. काळे कोट सोमवारी कापूर घालून आतल्या पेटीत जायचे, ते सप्टेंबरपर्यंत. डोलिनाने तो आत नेला नाही. बाहेरच्या दाराशी जी खुंटी होती तिला अडकवला, आणि ईवर काही म्हणाला नाही.